सायलेंट अक्षरं मुकी नसतात

गोंदिया जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवण्यात उमेदीची वर्षं गेली, की एक तक्रार कायमची सोबतीला येते. इंग्रजीत लिहितात एक आणि वाचतात भलतंच. ही तक्रार विद्यार्थी करतात, पालक करतात आणि शिक्षकही आपसात करतात. तिच्यावर वर्गावर्गांतून ठरलेलं उत्तर दिलं जातं : इथे ‘बी’ सायलेंट, तिथे ‘पी’ सायलेंट, पाठ करून टाका. मुलं पाठ करतात, परीक्षेपुरतं लक्षात ठेवतात आणि पुढच्या अनोळखी शब्दापाशी पुन्हा तशीच अडतात. या कामातून माझं जे मत बनत गेलं, ते या उत्तराच्या अगदी विरुद्ध आहे. कमी वापरातल्या इंग्रजी शब्दांमध्ये जी अक्षरं ऐकू येत नाहीत, त्यांतली बरीचशी अर्थाच्या बाजूने बोलत असतात. इंग्रजी स्पेलिंग उच्चाराची नोंद ठेवण्यात कमी पडतं, पण शब्दाचं कूळ मात्र ते चिकाटीने जपतं. म्हणून असा शब्द शिकवताना अर्थ कुळावरून पोचवावा आणि उच्चार कानावरून. या दोन वाटा वेगळ्या ठेवल्या, तर खेड्यातल्या मुलाला अवघडातला अवघड शब्द आपलासा करता येतो. त्या एकत्र कोंबल्या, तर त्याच्या हाती फक्त धास्ती उरते.

आधी हे मूल कोणतं, ते पाहायला हवं. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला आहे. उत्तरेला मध्य प्रदेशातलं बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड. आमगाव, गोरेगाव, तिरोडा भागांत घराघरांत पोवारी चालते. सालेकसा-देवरीकडे गोंडी आणि छत्तीसगडी ऐकू येतात, अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनीकडे झाडीबोली, तर गोंदियाच्या बाजारात हिंदी. शाळेतली प्रमाण मराठी हीच इथल्या पुष्कळ मुलांसाठी दुसरी किंवा तिसरी भाषा असते. झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो. घरी ‘डोरा’ म्हणणारं मूल पुस्तकात ‘डोळा’ लिहितं, आणि त्यात त्याला काही विशेष वाटत नाही. आपल्या तालुक्याला आपण तिरोडा म्हणतो, इंग्रजी अक्षरांत त्याचं ‘तिरोरा’ झालेलं दिसतं, तरी त्यावरून गावाची वाट कुणी चुकत नाही. लिहिणं आणि बोलणं यांत अंतर असतं, हे या जिल्ह्यातल्या मुलाला इंग्रजीची पहिली ओळ वाचण्याआधीच ठाऊक असतं. ‘कर्नल’ हा शब्द इंग्रजीत दोन ‘एल’ घालून लिहितात, ‘र’ कुठेच नसतो, तरी उच्चारात ‘र’ येतो, याचं पुण्या-मुंबईच्या मुलाला नवल वाटेल. झाडीबोली बोलणाऱ्याला ‘ळ’, ‘ल’ आणि ‘र’ हे शेजारी राहणारे ध्वनी आहेत, हे समजावून सांगावं लागत नाही. इंग्रजीतलं कारण वेगळं आहे. मूळ इटालियन शब्दात ‘ल’ होता, फ्रेंचांच्या तोंडी त्याचा ‘र’ झाला. इंग्रजांनी फ्रेंच उच्चार उचलला आणि पुढे इटालियन लष्करी ग्रंथांची भाषांतरं होऊ लागल्यावर स्पेलिंग इटालियन वळणाचं केलं. जीभ एका देशाची आणि अक्षरं दुसऱ्या देशाची, असा तो शब्द आहे. ही गोष्ट सांगितली, की तो शब्द विसरला जात नाही.

‘आमच्या मुलांची जीभ जड आहे’ हे वाक्य पालकसभांतून नेहमी ऐकू येतं. ते खरं नाही आणि त्याचा पुरावा एसटीच्या स्थानकावरच आहे. ‘डेपो’ हा फ्रेंचातून इंग्रजीत आलेला शब्द. त्याच्या स्पेलिंगच्या शेवटी ‘टी’ आहे आणि तो उच्चारला जात नाही. महाराष्ट्रातला कोणताही कंडक्टर, कोणताही प्रवासी, वनविभागाच्या लाकूड डेपोवरचा कोणताही मजूर तो ‘टी’ उच्चारत नाही. कारण हा शब्द लोकांना कानातून मिळाला, अक्षरं नंतर दिसली. याउलट नळजोडणी करणाऱ्या कारागिराला आपण सगळेच ‘प्लंबर’ म्हणतो. इंग्रजीत तो ‘प्लमर’ आहे, ‘बी’ बोलला जात नाही. हा शब्द आपण दुकानाच्या पाटीवर वाचून घेतला. पाटीवर ‘बी’ होता म्हणून तोंडातही आला. जीभ तीच आणि माणसंही तीच. फरक पडला तो शब्द कोणत्या दारातून आत आला यामुळे. नेहमीच्या वापरातले इंग्रजी शब्द आपल्याकडे कानांतून येतात, आणि कमी वापरातले जवळजवळ सगळे डोळ्यांतून, म्हणजे पुस्तक, अर्ज, औषधाची चिठ्ठी, नोटीस यांतून. 2000 सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, तरी ही स्थिती फारशी बदललेली नाही, कारण वर्गाबाहेर इंग्रजी बोलणारा माणूस खेड्यात भेटत नाही. तेव्हा जो मुलगा अक्षरं पाहून अक्षरांप्रमाणे वाचतो, तो समोर असलेल्या पुराव्यावरून योग्य निष्कर्ष काढत असतो. त्याला आणखी पुरावा द्यायचा, की तो निष्कर्ष आपणच सुधारतो.

हा जास्तीचा पुरावा म्हणजे शब्दाची भावंडं. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’ शब्दात ‘बी’ का, असं मूल विचारतं. त्याला बँकेच्या पासबुकातला ‘डेबिट’ दाखवावा. ‘डेट’मध्ये गप्प असलेला ‘बी’ ‘डेबिट’मध्ये स्पष्ट बोलतो. दोघांचं मूळ लॅटिन, अर्थ देणं. पावतीला ‘रिसीट’ म्हणतात आणि त्यात ‘पी’ लिहितात. लग्नानंतरच्या ‘रिसेप्शन’मध्ये तोच ‘पी’ ऐकू येतो, कारण दोन्हीकडे स्वीकारण्याचीच गोष्ट आहे, एकीकडे पैसे आणि दुसरीकडे पाहुणे. ‘साइन’मध्ये ‘जी’ का आहे, हे गोंदियासारख्या जंक्शनच्या गावातल्या मुलाला ‘सिग्नल’ हा एक शब्द उच्चारून सांगता येतं. ‘मसल’मधला ‘सी’ ‘मस्क्युलर’मध्ये जागा होतो. एनसीसीतल्या शेवटच्या ‘सी’चा शब्द अक्षरांनी ‘कॉर्प्स’ दिसतो आणि ‘कोअर’ असा बोलला जातो. त्यातला न उच्चारलेला ‘पी’ ‘कॉर्पोरेशन’मध्ये ठळक ऐकू येतो, आणि दोन्हींच्या मुळाशी शरीर या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. ‘इलेक्ट्रिक’, ‘इलेक्ट्रिसिटी’ आणि ‘इलेक्ट्रिशियन’ या तिघांत ‘सी’ हे एकच अक्षर क्रमाने क, स आणि श असं ऐकू येतं. उच्चाराप्रमाणे लिहायचं ठरवलं, तर तीन ठिकाणी तीन अक्षरं येतील आणि ही तीन सख्खी भावंडं आहेत हे डोळ्यांना कळणार नाही. नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले या भाषाशास्त्रज्ञांनी 1968 साली ‘द साउंड पॅटर्न ऑफ इंग्लिश’ या ग्रंथात असाच विचार मांडला, की इंग्रजी स्पेलिंग वरवर वाटतं तितकं बेशिस्त नाही, ते शब्दांमागचं सामाईक रूप धरून ठेवतं. त्यांचं सगळं म्हणणं मान्य नसलं, तरी एवढा भाग वर्गात रोज पडताळून पाहता येतो.

यावर पहिला आक्षेप उपयोगाचा असतो. धानाच्या शेतीवर, तेंदूपत्त्यावर आणि राइस मिलच्या मजुरीवर चालणाऱ्या घरातल्या मुलाला असे दुर्मीळ शब्द कशाला हवेत? आधी साधं इंग्रजी येऊ द्या, असं म्हणणारे चांगल्या हेतूनेच म्हणतात. पण दुर्मीळ कुणासाठी, हे विचारायला हवं. रोजच्या संभाषणात न येणारे हे शब्द याच घरांच्या उंबऱ्यावर नेमके कठीण वेळी येऊन उभे राहतात. कर्ज काढताना ‘मॉर्गेज’ येतं. त्यात ‘टी’ लिहितात, बोलत नाहीत. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘मृत तारण’, आणि त्यातला ‘मॉर्ट’ हा ‘मॉर्च्युरी’तला, शिवाय आपल्या ‘मृत’ शब्दाचाही दूरचा नातलग. तारण मृत का, याचा खुलासा सतराव्या शतकातले इंग्रज कायदेपंडित एडवर्ड कोक यांनी केला आहे. कर्ज फिटलं तर तारण संपलं, आणि फिटलं नाही तर जमीन ऋणकोच्या दृष्टीने संपली. गहाणखतावर अंगठा किंवा सही करणाऱ्याला एवढं कळलं, तर तो कागद पुन्हा एकदा वाचून घेईल. खात्यातल्या रकमेवर किंवा मालमत्तेवर बँकेचा हक्क बसतो, त्याला ‘लीन’ म्हणतात. त्याचं मूळ बांधणं, आणि गुडघ्यातलं ‘लिगामेंट’ त्याच मुळाचं. ट्रॅक्टरच्या आरसी बुकावर ‘हायपोथिकेशन’ लिहिलेलं असतं, म्हणजे वाहन ताब्यात आपल्या, पण कर्जदात्याच्या हक्काखाली. त्यातला ‘हायपो’ म्हणजे खाली. हे शब्द न कळल्याने जे नुकसान होतं, ते साधं इंग्रजी न येण्याने होणाऱ्या नुकसानीपेक्षा मोठं असतं.

दवाखान्यात हे आणखी तीव्रतेने जाणवतं. पूर्व विदर्भात सिकलसेल हा आजार घराघरांत माहीत आहे, कारण तो पिढ्यानपिढ्या आई-वडिलांकडून येतो. ‘सिकल’ म्हणजे विळा. तांबड्या पेशी गोल राहण्याऐवजी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी 1910 साली या आकाराच्या पेशींचं वर्णन केलं, आणि 1949 साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचं दाखवलं. धानकापणीला दरवर्षी विळा हातात धरणाऱ्या लोकांना हा शब्द वर्षानुवर्षं केवळ एक परका आवाज म्हणून ऐकवला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. पुढे ‘सोल्युबिलिटी’ चाचणी होते आणि खात्रीसाठी ‘इलेक्ट्रोफोरेसिस’. हा लांबलचक शब्द पाहून शिकलेली माणसंही थबकतात. पण त्यातला ‘फोर’ म्हणजे वाहून नेणं. आपल्या ‘भार’ शब्दाचा तो नातलग आहे, आणि जुन्या रेल्वेमार्गावरच्या ‘सेमाफोर’ सिग्नलमध्येही तोच आहे, खूण वाहणारा. विजेच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे प्रकार पुढेमागे वाहून वेगळे केले जातात, एवढाच त्या चाचणीचा अर्थ. वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे ती सांगते, आणि दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. लग्न ठरवण्याआधी घ्यायचा निर्णय अशा एका शब्दाच्या आकलनावर टेकलेला असतो. ‘न्यूमोनिया’मध्ये ‘पी’ का, हे झोप-श्वासाच्या ‘ॲप्निया’ या विकाराच्या नावाने कळतं. शब्दाच्या सुरुवातीला ‘प्न’ हे जोडाक्षर इंग्रजी जीभ टाळते, मध्ये आलं की उच्चारते. ‘टेरोडॅक्टिल’मधला मुका ‘पी’ही तसाच ‘हेलिकॉप्टर’मध्ये ऐकू येतो. दोन्हीकडे ‘प्टर’ म्हणजे पंख.

दुसरा आक्षेप जास्त अभ्यासू असतो आणि त्याला मान द्यायला हवा. स्पेलिंग नेहमी खरं कूळ सांगतं का? नाही. ‘आयलंड’मधला ‘एस’ खोटा आहे. जुन्या इंग्रजीत तो नव्हता. लॅटिन शब्दाशी नातं असावं अशा समजुतीने पुढे तो घातला गेला. ‘कुड’मधला ‘एल’ ‘वुड’ आणि ‘शुड’ यांच्या संगतीने आला, त्याला मुळात आधार नाही. ‘घोस्ट’मधला ‘एच’ विल्यम कॅक्स्टनच्या छापखान्यातून आला असं मानतात. 1476 साली वेस्टमिन्स्टरला छपाई सुरू करण्याआधी कॅक्स्टन फ्लेमिश प्रदेशात राहिला होता आणि तिथल्या वळणाचा परिणाम त्याच्या खिळ्यांवर झाला. छपाईने स्पेलिंग हळूहळू गोठवलं, आणि नेमक्या त्याच शतकांत इंग्रजीचे दीर्घ स्वर आपल्या जागा सोडत होते. ‘नाइट’मधला ‘के’ आणि ‘जीएच’ चौदाव्या शतकात बोलले जात होते. पुढे बोलणं बदललं, लिहिणं राहिलं. तेव्हा सगळीच मुकी अक्षरं अर्थ सांगत नाहीत. काही इतिहास सांगतात आणि थोडी निव्वळ गैरसमज सांगतात. मात्र हे अपवाद बहुतेक साध्या, रोजच्या शब्दांत सापडतात, आणि असे शब्द वारंवार भेटत असल्यामुळे सवयीने येतात. कमी वापरातले कायद्याचे, वैद्यकाचे, विज्ञानाचे शब्द लॅटिन-ग्रीकमधून पंडितांनी जाणीवपूर्वक घेतले, म्हणून त्यांत कूळ टिकून आहे. जिथे मदतीची खरी गरज आहे, तिथेच ही पद्धत सर्वांत जास्त उपयोगी पडते.

आता उच्चाराकडे. कुळावरून अर्थ कळतो, तसा उच्चाराचाही अंदाज बांधता येतो, आणि हे शिकवण्याची पद्धत आपल्याकडे जवळजवळ नाही. ग्रीकमधून आलेल्या कित्येक शब्दांच्या शेवटचा ‘ई’ बोलला जातो. अतिशयोक्तीसाठीचा शब्द ‘हायपरबोल’ दिसतो, पण तो ‘हायपर्बली’ आहे. ‘एपिटोम’ दिसणारा ‘इपिटमी’ आहे. ‘सायकी’ आणि ‘कटॅस्ट्रफी’ त्याच घरातले. फ्रेंचमधून आलेल्यांचं शेवटचं व्यंजन बहुधा गळतं. ढिगाऱ्यासाठीचा शब्द ‘डेब्री’, फुलांचा ‘बुके’, सत्तापालटासाठीचा ‘कू’, आणि आपला ‘डेपो’. मूल एकदा विचारू लागलं, की हा शब्द कोणत्या घरचा, तर निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं आघाताचं. मराठीत आघात बदलला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही. आपण प्रत्येक अक्षराला त्याचं माप देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीचे स्वर दबून आपल्या ‘अ’सारखे होतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्यावर, ‘फटॉग्रफी’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्रॅफिक’मध्ये तिसऱ्यावर. शब्द ‘इक’, ‘शन’ किंवा ‘इटी’ यांनी संपत असेल, तर जोर बहुतांशी त्याच्या आधीच्या अक्षरावर येतो. एवढा एक नियम पाठ केला, तरी शेकडो अनोळखी शब्द ओळखीच्या चालीत बसतात. देवनागरीत उच्चार देणारे आपले शालेय शब्दकोश उपकारक आहेत. इंग्रजी स्वरांसाठी मराठीने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ही चिन्हंही रुळवली आहेत. पण या कोशांत आघात दाखवलेला क्वचितच आढळतो, आणि त्यामुळे अक्षरं बरोबर असूनही ऐकणाऱ्याला शब्द कळत नाही.

मोबाइल उच्चार करून दाखवतो, मग एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न आता हमखास येतो. मोबाइलने मोठी सोय केली आहे, हे मी मनापासून मान्य करतो. जिथे इंग्रजी बोलणारा माणूस नाही, तिथे कानाचं दार त्याने उघडलं. पण ज्या ध्वनीकडे लक्ष द्यायचं हे सांगितलेलं नसतं, तो ध्वनी ऐकूनही ऐकला जात नाही. आघात म्हणजे काय हे माहीत नसलेलं मूल यंत्राचा उच्चार दहा वेळा ऐकतं आणि सगळ्या अक्षरांना सारखं माप देऊनच परत म्हणतं. शिवाय यंत्र एका वेळी एक शब्द सांगतं. तो शब्द कोणाचा भाऊ आहे, हे ते आपण विचारल्याशिवाय सांगत नाही, आणि विचारायला हवं हे शिक्षकानेच शिकवायचं असतं. एका कुळाचे पाच शब्द एकत्र शिकलेल्या मुलाला सहावा स्वतःहून ओळखता येतो. पाच सुटे शब्द यंत्राकडून ऐकलेल्याला सहाव्यासाठी पुन्हा यंत्राकडेच जावं लागतं.

तिसरा आक्षेप सर्वांत नाजूक : बरोबर उच्चार म्हणजे कोणाचा? लंडनचा, अमेरिकेचा, की दिल्ली-मुंबईच्या इंग्रजी शाळांचा? याचं उत्तर देताना आपल्याच जिल्ह्यातल्या बिरसी विमानतळाचं उदाहरण उपयोगी पडतं. तिथे वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं, आणि विमानवाहतूक हे असं क्षेत्र आहे जिथे बोललेला शब्द चुकीचा समजला गेला, तर ते जिवावर बेततं. 27 मार्च 1977 रोजी टेनेरीफच्या धावपट्टीवर दाट धुक्यात दोन जम्बो जेट एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं मृत्युमुखी पडली. ‘आम्ही आता टेक-ऑफवर आहोत’ अशा अर्थाच्या संदेशाचा वैमानिकाच्या मनातला अर्थ वेगळा होता आणि नियंत्रकाने घेतलेला वेगळा. त्यात दोन संदेश एकाच वेळी आल्याने रेडिओवर महत्त्वाचे शब्द बुडाले. या अपघातानंतर शब्दयोजना काटेकोर करण्यात आली. आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीच्या ठरलेल्या उच्चारांत तीनचा अंक ‘ट्री’, पाचचा ‘फाइफ’ आणि नऊचा ‘नाइनर’ असा म्हणतात. म्हणजे जगातल्या कोणत्याही माणसाला म्हणता यावं आणि कोणालाही कळावं यासाठी खुद्द इंग्रजी उच्चार मुद्दाम बदलले गेले. संकटात वापरायचा ‘मेडे’ हा शब्दही फ्रेंचमधल्या ‘मला मदत करा’ या अर्थाच्या उच्चारावरून घेतला आहे. यातून मी जी कसोटी घेतली, ती साधी आहे. ऐकणाऱ्याला शब्द निःशंकपणे कळला का? आपला ‘ट’ आणि ‘ड’ टाळूकडे वळलेला असला, आपला ‘थ’ दातांवर आपटत असला, तरी आघात जागेवर असेल तर शब्द पोचतो. या गोष्टींवरून मुलाला वर्गात हसणं हा अन्याय आहे, आणि हसण्याचा परिणाम उच्चारावर न होता बोलण्यावरच होतो. मूल गप्प बसतं. आपल्यात ‘प्लंबर’ असंच चालू द्यावं, तो आता मराठी शब्द झाला आहे. नवा शब्द मात्र पहिल्यापासून नीट शिकवावा. मुलाखतीला किंवा परप्रांतात गेल्यावर दुसरं रूपही ओळखता यावं, एवढी तयारी करून द्यावी.

शेवटचा आक्षेप मराठीच्या प्रेमातून येतो. आपले शब्द असताना हे परके शब्द का गोंजारायचे? मला या प्रश्नामागची तळमळ पटते, आणि प्रत्येक इंग्रजी शब्दाशेजारी मराठी शब्द असलाच पाहिजे, या मताचा मी आहे. मात्र कागदावर ‘मॉर्गेज’ छापलेलं असताना फक्त ‘गहाण’ माहीत असून भागत नाही. दोन्ही माहीत असलेला माणूस सुरक्षित राहतो. आणि शब्दांचा हा प्रवास एकाच दिशेचा नाही. भूगर्भशास्त्रातला ‘गोंडवाना’ हा शब्द याच मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून घेतला गेला. ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूस यांनी 1885 साली प्राचीन महाखंडाला ‘गोंडवानालँड’ म्हटलं, आणि आज आफ्रिका, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका यांचा अभ्यास करणारे सगळे तो शब्द वापरतात, आपापल्या जिभेप्रमाणे वळवून. त्यांच्या उच्चारावर आपण हसत नाही. या महाखंडाचा एक प्रमुख पुरावा म्हणजे ‘ग्लोसोप्टेरिस’ या वनस्पतीची जीवाश्म पानं. ‘ग्लोसा’ म्हणजे जीभ, तिच्या आकाराचं पान. शब्दसूचीला ‘ग्लोसरी’ म्हणतात, तिथेही हीच जीभ आहे. सालेकशाच्या कचारगडला यात्रेला जाणाऱ्या गोंड घरातल्या मुलाला हे सांगितलं, तर इंग्रजीच्या सर्वांत अवघड पानावर त्याला आपल्या माणसांचं नाव सापडतं. परकेपणा तिथे आपोआप कमी होतो.

म्हणून माझी मागणी फार खर्चाची नाही. पाठ्यपुस्तकाच्या शब्दसूचीत, बँकेच्या माहितीपत्रकात, आरोग्य केंद्राच्या भिंतीवरच्या फलकावर जिथे जिथे असा शब्द येतो, तिथे तीन गोष्टी द्याव्यात : मराठी अर्थ, एक ओळखीचं भावंड आणि जोर पडणारं अक्षर ठळक केलेला देवनागरी उच्चार. परीक्षेत ‘सायलेंट अक्षर ओळखा’ असा प्रश्न विचारतात. त्याच्या जोडीला ‘हे अक्षर ज्यात ऐकू येतं असा दुसरा शब्द लिहा’ असं विचारावं. पाठांतराचा प्रश्न तेवढ्याने विचाराचा होतो. आशा सेविका, बँकमित्र, ग्रामपंचायतीचे कर्मचारी यांच्या प्रशिक्षणात त्यांच्या कामातले असे शब्द कुळासह समजावले, तर लोकांना ते मराठीत नीट सांगता येतील. शिक्षकाला यासाठी ग्रीक-लॅटिन येण्याची गरज नाही. चांगला शब्दकोश उघडून शब्दाच्या मुळाची ओळ वाचण्याची सवय पुरते. शिकवण्याच्या या सगळ्या काळाने मला एक गोष्ट खात्रीने दाखवली आहे. ज्या मुलाच्या घरी तीन बोली नांदतात, त्याला चौथ्या भाषेचे नियम समजून घेण्याची बुद्धी आणि कान दोन्ही असतात. त्याला कारण सांगा, तो शब्द राखेल. कारण न सांगता ‘सायलेंट आहे’ एवढंच म्हणाल, तर तो स्वतःच सायलेंट होईल, आणि तसं होऊ न देणं हे इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकाचं पहिलं कर्तव्य आहे.